शंखाचा दात

प्राणिशास्त्र शिकवण्याची नोकरी सोडून मी हरिहरेश्वरला खोली घेतली, ती विषारी शंकू-गोगलगायींची वर्गवारी करायला. शंकूसारख्या निमुळत्या शंखात राहणारे हे जीव भक्ष्याला पोकळ दात टोचून विष सोडतात. काही जाती समुद्रातले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी, काही चक्क मासे. मासे खाणाऱ्यांचं विष माणसाचाही जीव घेऊ शकतं. गावात माझ्याशी कुणाचं वाकडं नव्हतं, पण मी नेमकं करते काय, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. दूधवाला सोडला तर दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नसे.

एका सकाळी शेजारच्या कोळीणबाई धावत आल्या. जाळं झाडताना त्यांच्या मालकांना शंखाने टोचलं होतं. तो शंख त्यांनी डब्यात घालून आणला होता.

"बाई, तुम्ही शंख गोळा करता ना? ह्यो विषारी हाय का?"

"हे सगळेच विषारी. किती, ते बघावं लागेल."

शंखावर तपकिरी साल होती, खालची नक्षी दिसत नव्हती. तोंड अरुंद होतं, म्हणजे किडे खाणारा असावा. पण 'असावा' एवढ्यावर माणसाला घरी कसं ठेवायचं? ह्या विषावर उतारा नाही. श्वास थांबला तर तो यंत्राने चालू ठेवायचा, एवढंच हातात असतं.

"हात हलवू देऊ नका," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

टेम्पोत बाईंनी माझा हात धरला, तो श्रीवर्धन येईपर्यंत सोडला नाही. मालक "बोटं बधिर झाली" एवढंच म्हणत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, जात कुठली?"

"अंदाज आहे, खात्री नाही. श्वासावर लक्ष ठेवा."

दुपार तशीच गेली. संध्याकाळी बोटांत जीव आला आणि मालकांनी चहा मागितला. बाई रडल्या, मग माझ्यावरच ओरडल्या, "सकाळपासून तुम्ही काय बी खाल्लं न्हाय!" आम्ही तिघांनी एका पुड्यातली बिस्किटं खाल्ली.

शंख मी परत आणला होता. जीव मेल्यावर त्याचा दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आखूड होता, किडे खाणाऱ्याचा. पूर्वी नुसत्या नक्षीवरून जाती ठरवायचे. आता दात आणि जनुकं बघतात, आणि वेगळ्या मानलेल्या कित्येक जाती एकच निघतात. माझा अंदाज बरोबर होता. ते सांगायला मी शेजारी गेले. बाई बांगडे निवडत होत्या.

"बरं झालं," म्हणाल्या आणि दोन बांगडे माझ्या हातात ठेवले.

मला त्यांना दात दाखवायचा होता, काचेच्या बारीक भाल्यासारखा. पण तेवढ्यात होडी लागली आणि त्या टोपली घेऊन किनाऱ्याकडे उतरल्या.

घरी येऊन मी बांगडे तळले. एक खाल्ला, दुसरा झाकून ठेवला. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच राहिला होता. हात पुसून मी परत त्याला डोळा लावला.