साधं पान, अर्धा तास

चौथीत दोनदा बसलो. मास्तर म्हणे, "अक्षरं चावते काय रे तुले?" चावतच असतीन. पुढं सावंगीत डॉक्टरकीच्या पोरायसाठी सायबर कॅफे टाकला अन् वेबसाइटाही बनवाले लागलो, तरी अक्षरापासून दूरच राह्यलो. दुसऱ्याच्या साइटवरून कोड उचलायचा अन् आपल्या पानात चिकटवायचा. बाहेर बोर्ड मात्र 'वेब डिझायनर'. तोही पेंटरनंच वाचून दाखवला मले.

एका संस्थेनं साइट सांगतली तवा मी शब्दच काढून टाकले. नुसती चित्रांची बटनं. माउस बटनावर नेला की बटन चमके, मेनू उघडे, नोकरीचा अर्ज दिसे. सारा खेळ स्क्रिप्टचा, म्हंजे पानामागं चालणाऱ्या कोडचा. माउस नसन तर चमकणं नाई अन् अर्जही नाई.

माह्या बायकोचा लहान भाऊ जन्मापासून आंधळा. पण बीए झालेला, नागपूरले बोलत्या कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. स्क्रीनवर लिहिलेलं कॉम्प्युटर इंग्रजीत वाचून सांगे, अन् हा माउसले हात न लावता भराभर काम करे. दोघांत डोळस मी, अन् अडाणीही मीच.

त्यानं माही साइट आयकली.

"भाऊजी, हे तं ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक एवढंच म्हणून राह्यलं. कायचं चित्र, ते सांगतच नाई."

"बरोबर आहे. आठ लावले."

"हसू नका. खाली साध्या लिंका द्या, नावं लिहून. स्क्रिप्ट राहू द्या, पण तिच्यावाचून काम अडाले नाई पाह्यजे."

"साधं पान राशनच्या यादीवानी दिसते, साळेबुवा. तुले काय, तुले दिसतच नाई!"

तोही हसला. मले वाटलं, जिंकलो.

दोन महिन्यांनी त्याच संस्थेत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली. अशाच जागेची तो सहा वर्षं घरी बसून वाट पाहून राह्यलता. संस्थेच्या साहेबाची अट एकच: अर्ज साइटवर, उमेदवारानं स्वतः, आपल्यापुढं भरायचा. म्हंजे कॉम्प्युटर येते का तेही कळन. ठिकाण, माहाच कॅफे; साळ्याचा बोलता प्रोग्राम तिथंच टाकला होता.

साळा शर्ट खोचून आला. की-बोर्डावर बटन दाबलं, पुन्हा दाबलं. ग्राफिक. ग्राफिक. मेनू उघडेच ना. मी हात पुढं केला तर साहेब म्हणे, "तुम्ही नाही. त्यांना करू द्या."

दहा मिनिटं तो दाबतच राह्यला. कानामागून घाम निथळत होता.

साहेब हळूच मले म्हणे, "साइट झकास केली हो तुम्ही. यांना तेवढी चालवता येत नाही. ऑपरेटर काय होणार?"

मी मान हलवली. झकास म्हटलं होतं ना. 'साहेब, चूक माही आहे' एवढं म्हणाले काई चौथी पास व्हा लागत नाई.

साळ्याचे कान तिखट. त्यानं आयकलं. काठी उघडली अन् गेला.

आठवड्यानं साध्या लिंका टाकल्या. अर्धा तास लागला, त्यातही चहा पेऊन. साहेबानं एक इंग्रजी ओळ धाडली होती, तीही न वाचता चिकटवली. मंग साळ्याले बोलावलं. बायकोनं म्हटलं म्हणून आला.

त्यानं बटन दाबलं. कॉम्प्युटर फडफड बोलला.

"चालते आता, भाऊजी."

"पाह्य! काय म्हणते?"

"जागा भरली म्हणते."