तक्त्यातला नववा रकाना

सरकारनं आठ रकाने मागितले होते. आमच्या हेडक्लार्क बाईंनी नऊ आखले, आणि आमच्या पेन्शन शाखेत पुढे जो काही गोंधळ झाला तो त्या एका जादा रकान्यामुळे. मी बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसतो. म्हणजे बोलणी सगळ्यात आधी मला आणि चहा सगळ्यात शेवटी मला.

काम होतं सात राज्यांतल्या सरकारी नोकरांच्या पेन्शनची तुलना करायचं. बाईंनी सगळ्यांना पत्रं धाडली, स्मरणपत्रं धाडली, फोनवर दम भरला. एका राज्यात पेन्शनला दहा वर्षांची नोकरी पुरते, दुसऱ्यात वीस लागतात. एका राज्यानं जुनी योजना बंद करून नवी आणली, मग नवी बंद करून पुन्हा जुनी आणली आणि तिचं नाव ठेवलं 'सुधारित'. कुणी सल्ला विचारला की बाई सांगायच्या, "नोकरी इथे करा, निवृत्त शेजारच्या राज्यात व्हा, आणि मरायचंच असेल तर डोंगरापलीकडे जा. तिथे बायकोला जास्त मिळतं." लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

नवव्या रकान्याचा मथळा होता, 'विधवेने पुनर्विवाह केल्यास?'

"हे कुणी मागितलंय?" साहेबांनी विचारलं.

"तक्ता पूर्ण असावा, साहेब."

पूर्ण कसला! अख्ख्या शाखेला ठाऊक होतं. बाईंचे यजमान शेजारच्या राज्यात मोजणीदार होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्यांची पेन्शन बाईंना मिळते. इकडे आमच्या जीपचा ड्रायव्हर, विधुर, पन्नाशीचा, रोज अकराच्या ठोक्याला स्वतःच्या पेन्शनची शंका घेऊन तीन मजले चढतो. त्याची निवृत्ती आठ वर्षं लांब, शंका मात्र रोज ताजी. "अहो ड्रायव्हर, आज काय काढलंत?" बाई मान वर न करता विचारायच्या. गेल्या महिन्यात त्यानं धीर करून भलतंच विचारलं. लग्नाचं. बाई म्हणाल्या, "उत्तर आलं की सांगते." बिचाऱ्याला वाटलं, मनातून यायचंय. बाई टपालाची वाट बघत होत्या.

सहा राज्यांची उत्तरं आली. तिघांचं 'चालू', दोघांचं 'बंद', एकाचं 'प्रश्नाचा बोध होत नाही'. शेजारचं राज्य काही बोलेना. एक दिवस मी वैतागलो. "बाई, तुम्हाला स्वतःचा पगार आहे. त्या पेन्शनवाचून असं काय अडतंय?"

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण बाईंनी पेन खाली ठेवलं. "पैशांचं सोड रे. महिन्यातून एकदा पासबुकात त्यांचं नाव छापून येतं. आता दुसरीकडे कुठे येतं?"

मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी चहा मीच आणून दिला.

सोमवारी पत्र आलं. तिकडच्या कुणा कारकुनानं लिहिलं होतं, 'पेन्शन बंद होते. सदर प्रश्न सत्तावीस वर्षांत कोणीही तक्त्यासाठी विचारलेला नाही. अभिनंदन.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग रकान्यात सुवाच्य अक्षरात 'बंद' लिहिलं आणि पट्टी लावून खाली रेघ ओढली. पर्समधून पासबुक काढलं, शेवटच्या पानावर बोट फिरवलं, परत ठेवलं. डोळे पुसले, तेही लपवून नाही.

अकरा वाजले. ड्रायव्हर दारात, हातात शंकेचा कागद.

"अहो," बाई म्हणाल्या.

आम्ही पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तो आलाच नाही. शाखेतल्या सगळ्या माना वर झाल्या. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं, तिथे कुणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतेय," बाई म्हणाल्या. "तो कागद राहू द्या आता. बसा. उत्तर आलंय."

खुर्ची अर्थातच माझी गेली.