खांबावरचे झेंडे आणि देवीची आण

ती घटना आजही आठवली की आधी हसू येते, आणि मग माझ्या हातून काय होता होता राहिले, तेही आठवते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. दसरा जवळ आला होता. त्याच दिवशी बौद्ध वस्तीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. बसस्टँडच्या चौकात नगर परिषदेचा उंच दिव्याचा खांब एकच. दुर्गा मंडळाला त्यावर तोरण हवे, वस्तीला पंचशील झेंड्यांच्या माळा. शांतता समितीच्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि एकेक बाजू वाटून दिली.

नवमीच्या सकाळी झेंडे गायब. ठाण्यासमोर गर्दी जमली. वस्तीच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त गुरुजी, संतापले होते.

"बैठकीत गोड बोलले अन् काल लावलेले झेंडे आज उतरवले! गुन्हा दाखल करा साहेब."

चौकातल्या चहावाल्याने खबर दिली, सकाळी लवकर शिडीवर दुर्गा मंडळाचा अध्यक्ष होता. पंचविशीतला तरुण, घरातला पहिलाच पदवीधर. तलाठी म्हणून नुकतीच निवड झालेली. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. माझ्या घरात मीही पहिलाच पदवीधर. अशा कागदाची घरचे कशी वाट पाहतात, हे मला ठाऊक होते. त्याला ठाण्यात बोलावून घेतले.

"झेंडे तूच काढलेस?"

"हो साहेब."

"कशासाठी?"

"सांगता येत नाही. देवीची आण हाय."

"अरे, नोकरी जाईल."

"जाऊ द्या. आण मोडत नाही."

हवालदार म्हणाला, "याच्या तोंडाले कुलूप हाय साहेब, अन् चावी देवीजवळ!"

गुन्हा नोंदवायला स्टेशन डायरी उघडली होती. तरी आधी खांब पाहून आलो. दोरी कुठेच तोडलेली नव्हती; एकेक गाठ सोडवलेली होती. रागावलेला माणूस गाठी सोडवत बसत नाही. परत येऊन तरुणाकडे नीट पाहिले. बाहीला शिवणाच्या निळ्या-पांढऱ्या दोऱ्यांचे तुकडे चिकटले होते. गावात झेंडे शिवणारी एकच, वस्तीतली मावशी. दुर्गा मंडळाचे तोरणही तीच शिवायची.

गुरुजींना आणि त्या तरुणाला जीपमध्ये घेऊन तिच्याकडे गेलो. मशीनवर झेंड्यांचा ढीग! मावशीने कपाळाला हात लावला.

"पिवळ्याच्या जागी पांढरा लागला साहेब. डोळ्यात मोतीबिंदू. सकाळच्या उजेडात खांबाकडे पाहिलं तवा समजलं. हा तोरण न्याले आलता, त्यालेच म्हटलं, काढून दे बापा. अन् कोणाले सांगशील तं तुह्या देवीची आण!"

"आमाले काहून नाही सांगितलं?" गुरुजींनी विचारले.

"तुमी पुढच्या वर्षी काम यवतमाळले दिलं असतं."

रात्रभर खांबावर असलेल्या झेंड्यांचा रंग गुरुजींच्याही ध्यानात आला नव्हता. मग ते मोठ्याने हसले. "पुढच्या वर्षीही तुमीच शिवसान बाई. रंग मी मांडून देतो."

दुपारी दुर्गा मंडळाच्या बायकाही शिवण उसवायला येऊन बसल्या. संध्याकाळी तोच तरुण पुन्हा शिडीवर चढला, आणि शिडी धरून गुरुजी खालून ओरडत होते, "हळू रे, पडशीन!"

पडताळणीच्या कागदावर मी सही केली: गुन्हा नोंद नाही. त्या दिवसापासून तक्रार आली की 'कोणी केले' याच्या आधी 'कसे केले' ते पाहू लागलो.

मावशीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तरुण आता तलाठी आहे. मी निवृत्त झालो तरी दर दसऱ्याला त्याचा फोन येतो, "साहेब, झेंडे लागले. रंग बरोबर हायेत."