डावीकडची दोन बोटं

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत रामाजी मिस्त्रीची भट्टी होती. ट्रकच्या, जीपच्या, वेळ पडली तर टांग्याच्यासुद्धा थकलेल्या कमानी, म्हणजे चाकांवरचे पोलादी पाटे, तो तापवून, ठोकून, पुन्हा वाकवून द्यायचा. मोजपट्टी त्याने आयुष्यात विकत घेतली नाही. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत आडवा हात घालायचा आणि किती बोटं मावतात ते पाहायचं. चार मावली तर गाडी धडधाकट, तीन मावली तर पाटा थकला. मोठाल्या कंपन्यांचे ड्रायव्हर हसायचे, आणि मग गाडी घेऊन त्याच्याकडेच यायचे.

गाडी दारात आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "हिच्यात रोज कोन बसते?"

हा प्रश्न तो गमतीने विचारत नसे. कमान ही लोखंडासाठी नसून बसणाऱ्यासाठी असते, असं त्याचं मत होतं. एकदा एका वकिलाला त्याने घरी परत पाठवून सासूबाईंना आणायला लावलं, आणि त्या भरभक्कम बाईंना जीपच्या डाव्या अंगाला तासभर बसवून ठेवलं, कारण रोज सकाळी देवळात जाणाऱ्या त्याच होत्या. सासूबाईंनी जावयाचा आणि मिस्त्रीचा दोघांचा उद्धार केला. जीप मात्र पुढची नऊ वर्षं नाकासमोर चालली.

भट्टीचा भाता त्याची बायको कौसल्या चालवायची. पोरबाळ नव्हतं. दोघं आणि भट्टी, एवढाच संसार. रामाजी दिवसाकाठी वीस वाक्यं बोलायचा, आणि उरलेलं सगळं बोलणं कौसल्येने अंगावर घेतलं होतं. शहरात कुठे काय झालं, कोणाचं कोणाशी वाजलं, हे गल्लीत आधी तिला कळायचं.

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात या दारात एक गाडी आली. दोनच सीटची, उघडी, बुटकी, गडद हिरवी विलायती गाडी. खापाकडच्या खाणीवरचा गोरा साहेब मायदेशी जाताना विकून गेलेली. चालवणारा होता मधुसूदन, गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीचा मुलगा. वडील वारलेले, रामदासपेठेत बंगला, घरात तो आणि त्याची आई गोपिकाबाई. वय पंचविशीचं आणि अंगाने काडी. त्याने मागच्या बाजूला दोरीने बांधून आणलेली तीन नवी चाकं एकेक करून खाली उतरवली.

"मिस्त्री, पावसाळ्याआधी शर्यत आहे," तो म्हणाला. "गाडी खाली घ्यायची आहे आणि कडक करायची आहे. यातलं कोणतं चाक लावू, ते तुम्ही सांगा. तसलीच आणखी तीन मग मागवतो."

रामाजी उकिडवा बसला. पहिलं चाक तारांचं होतं, गाडीवर मुळात असतं तसंच. त्याने तारांवरून पाना फिरवला आणि कान लावला. दुसरं पुण्याहून आणलेलं ओतीव चाक, रुंद आणि चकचकीत. तिसरं साध्या पत्र्याचं, पण दोन बोटं जास्त रुंद.

"ओतीव चाक दिसाले लय भारी," तो म्हणाला. "पन आपल्या रस्त्याच्या एका खड्ड्यात तडकलं, तं जोडता येत नाही. तारेचं नाजूक. शर्यतच करायची असन, तं पत्र्याचं रुंद लावा. वाकलं तं ठोकून सरळ करता येते." मग त्याने ठरलेला प्रश्न विचारला. "हिच्यात रोज कोन बसते?"

"मीच. एकटा."

रामाजीने मान हलवली. एकट्यासाठी कमान बांधणं सगळ्यांत सोपं काम. उभी गाडी डावीकडे कललेली त्याला दिसली होती, पण जुने पाटे थकले असतील असं त्याने धरलं.

आठवड्याभरात काम झालं. पुढे मधुसूदनने कलकत्त्याहून मागवलेल्या कडक गोल स्प्रिंगा बसल्या आणि मागे रामाजीने स्वतः घडवलेले पाटे. दोन्ही बाजूंचे पाटे एकाच लांबीचे, एकाच तावाचे, एकाच तेलात थंड केलेले. धक्के झेलणारे नवे शॉकप लागले, रुंद चाकं लागली. जॅक काढला, गाडी जमिनीवर टेकली. रामाजीने उजवीकडे हात घातला. तीन बोटं, हवी तेवढीच. डावीकडे हात घातला. एकच बोट मावलं.

त्याला वाटलं, फरशी उताराची आहे. त्याने फरशीवर ताटलीत पाणी ठेवून पाहिलं. पाणी सरळ होतं. गाडी वळवून उलट्या तोंडाने उभी केली, तरी तिचीच डावी बाजू खाली. मग डावे पाटे उजवीकडे आणि उजवे डावीकडे घातले. या कामात अख्खी सकाळ गेली. जॅक काढल्यावर गाडी पुन्हा डावीकडे बसली, तेवढीच, दोन बोटं.

चाळीस वर्षांत त्याच्या हाताने असा दगा दिला नव्हता. म्हातारपण आलं, हात गेला, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो फार खचला. हातच गेला तर रामाजीत दुसरं उरत काय होतं?

दुपारचे बारा वाजले असतील. ऊन असं की गल्लीतली कुत्री नालीत जाऊन पडलेली. माणूस औषधालाही दिसत नव्हता. गाडी उघड्यावर उभी होती. आतून काही अडकलंय का ते पाहावं म्हणून रामाजीने उजव्या सीटवर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. मग त्याने फडकं घेऊन डाव्या सीटवर हात टेकला. फडक्याची गरज नव्हती. सीट गार होती. डोक्यावर तेच ऊन, तेच चामडं, मध्ये फक्त एक वीत जागा. कोणी बराच वेळ बसून सावली धरावी, तशी ती सीट गार होती.

त्याने हात काढला नाही. काढायचं सुचलंच नाही त्याला. भात्याचा आवाज कधी थांबला तेही कळलं नाही. कौसल्या दारात येऊन उभी होती.

"अहो, या गाडीले मी ओळखतो," ती हळू म्हणाली. तिला हळू बोलताना त्याने फार कमी वेळा ऐकलं होतं. "दिवाळीत खापाच्या रस्त्यावर आपटली होती ना, थेच हे. पोराची लहान बहीन गेली तिच्यात. चारुशीला. पोरगीच चालवून राहिली होती म्हनत."

तेव्हा साऱ्या शहराने एकच गोष्ट म्हटली होती. पोरीच्या हाती गाडी दिली की दुसरं काय होणार? कौसल्येनेही नळावर उभं राहून हेच म्हटलं होतं, चांगलं दोनदा. आता तिला ते आठवलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

रामाजी घाबरला होता, खोटं कशाला सांगा. पण घाबरला तरी तो मिस्त्री होता. शेजारच्या धान्याच्या दुकानातून त्याने वजनं मागून आणली आणि उजव्या सीटवर एकेक ठेवत गेला. दर वेळी वाकून दोन्हीकडे बोटं घालून पाहायचा. वजनं वाढत गेली, उजवी बाजू हळूहळू खाली आली आणि एका क्षणी दोन्हीकडे सारखी बोटं मावली. त्याने बेरीज केली. सेहेचाळीस किलो.

संध्याकाळी मधुसूदन आला. आधी काही न सांगता रामाजीने त्याला उजव्या सीटवर बसायला लावलं. तो बसला आणि गाडी सरळ झाली. जवळजवळ तंतोतंत. उतरला, आणि ती परत डावीकडे बसली.

"उभी असली की अशीच दिसते," मधुसूदन म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "पोर्चमध्ये रोज अशी वाकडी उभी असते. आई खिडकीतून पाहत राहते. तुमच्या आधी दोघांना दाखवली. शर्यत वगैरे काही नाही, मिस्त्री. ही सरळ उभी राहायला पाहिजे, बस. डावीकडे एक पाटा जास्त टाका ना. दिसायला सरळ झाली की झालं."

"टाकता येते," रामाजी म्हणाला. "पन सेहेचाळीस किलो हाय थे. मी मोजलं."

मधुसूदनने खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राचं जाड तिकीट. एका बाजूला भविष्य छापलेलं, दुसऱ्या बाजूला आकडा. दसऱ्याला भाऊबहिणीने मजेत काढलेलं, चारुशीलेचं. सेहेचाळीस.

कौसल्येने पाण्याचा गडवा पुढे केला, पण मधुसूदनने तो घेतला नाही.

"भाऊ," रामाजी म्हणाला, "एक गोष्ट मले समजून नाही राहिली. स्टेअरिंग उजवीकडे हाय. सारं गाव म्हनते, गाडी बहीन चालवून राहिली होती. मंग थे डावीकडे काहून बसली?"

मधुसूदन नुसता त्या सीटकडे पाहत राहिला. मग एकदम चिडला, ओरडला, "तुम्हाला पाटा टाकायचा की नाही, तेवढं सांगा!"

"नाही टाकत," रामाजी म्हणाला. "माझ्या हातचे पाटे बरोबर हायेत. तुमची गाडी दोघांची हाय आन् दोघं बसले की सरळ चालते. तिच्यात बिघाड नाही. मी पाटा टाकला तं खोटा टाकल्यासारखं होईन."

आलेलं काम नाही म्हणण्याची रामाजीची ही पहिलीच वेळ. मधुसूदनने गाडी चालू केली आणि धुरळा उडवत निघून गेला. आत दोघं बसलेली असावीत तशी गाडी गल्लीतून सरळ गेली. कौसल्या ती वळेपर्यंत पाहत होती. त्या रात्री ती जेवली नाही. "मी बी बोलली ना वाईट त्या पोरीले," एवढंच म्हणाली.

त्यानंतर रामाजीचं कामात लक्ष लागेना. गाडी आली की आधी तो रिकाम्या सीटवर हात ठेवून पाहायचा. ड्रायव्हर चेष्टा करायचे, मिस्त्रीला ऊन लागलं म्हणायचे. आपण त्या पोराला फार बोललो की कमी बोललो, याचाच घोर त्याला लागला होता. पोरगा कुठे पुलावरून गाडी घालतो की काय, या भीतीने सकाळचं वर्तमानपत्र तो चहावाल्याकडून रोज वाचून घ्यायचा.

आषाढ लागला. एका दुपारी, पावसाने उघडीप दिली असताना, हिरवी गाडी परत आली आणि भट्टीसमोर थांबली. मधुसूदन उतरला. महिन्याभरात तो दहा वर्षांनी मोठा दिसू लागला होता.

"आईला सांगितलं," तो म्हणाला. "गाडी मी चालवत होतो. वळणावर तिने दोनदा हळू म्हटलं. मी ऐकलं नाही. ती गेली, आणि मी पोलिसांना, काकांना, सगळ्यांना तिचं नाव सांगितलं. ती थोडीच उलट बोलणार होती."

"माय काय म्हनाली?" कौसल्येने विचारलं.

"काही नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझं ताट स्वयंपाकीणबाई वाढतात." त्याने गाडीच्या दाराला हात लावला. "चारूचा फोटो आठ महिने आईने कपाटात पालथा ठेवला होता. माझं घर बुडवून गेली म्हणायची. आता तो दिवाणखान्यात लावलाय. आई रोज हार घालते. ठाण्यातही जाऊन लिहून दिलं. पुढे काय होईल ते होईल."

रामाजीने त्याच्या खांद्याला हात लावला नाही, शाबासकीही दिली नाही. त्याला तेवढंच एक काम येत होतं, ते त्याने केलं. वाकून उजवीकडे हात घातला. तीन बोटं. डावीकडे गेला, क्षणभर थांबला, हात घातला. तीन बोटं. पुन्हा घालून पाहिला. मग डाव्या सीटवर तळवा ठेवला. ओलसर उन्हात ती बाकीच्या गाडीइतकीच गरम झाली होती.

"बसा बरं," तो म्हणाला.

मधुसूदन उजव्या सीटवर बसला. रामाजी समोर जाऊन उभा राहिला. गाडी उजवीकडे झुकली, दोन बोटं, एकटा माणूस बसल्यावर झुकते तेवढी. मधुसूदनलाही ते कळलं. त्याने डावीकडे वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं, स्टेअरिंगवर कपाळ टेकलं आणि गेल्या दिवाळीपासून न रडलेला तो पोरगा भर गल्लीत मोठ्याने रडला.

रामाजीने त्याला रडू दिलं. रडणं थांबलं तेव्हा तो पाना घेऊन गाडीजवळ बसला आणि उजवीकडचे पाटे एकट्या माणसासाठी नीट करायला सुरुवात केली.