सव्वा महिना ठेवून पाहा

शेल्टरच्या किश्श्यांचं कुत्र्याच्या केसांसारखं असतं. रविवारी तिथून निघताना पँट कितीही झटका, सोमवारी ऑफिसात चार लोकांत उभं असताना एखादा निघतोच! कोणीतरी विचारतं, "काय मोहनभाऊ, काल पुन्हा कुत्र्याईत होते काय?" मग एक सांगावा लागतो. एकाच्या मागे दुसरा येतो आणि साहेब केबिनमधून डोकावेपर्यंत थांबत नाही.

आमचं शेल्टर म्हणजे बुलढाण्याहून देऊळघाटला जाताना लागणारं पत्र्याचं एक शेड. रस्त्यावर सापडलेली, कोणी सोडून दिलेली कुत्री-मांजरं तिथे राहतात आणि चांगलं घर पाहून आम्ही ती देतो. माझं घर शेडच्या मागेच. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो भुंकण्याची तक्रार करायला. सुलभाताई म्हणाल्या, "बसा, बोलू आपन. तोवर हिले धरा." आणि एका कुत्रीचा पट्टा माझ्या हातात दिला. ती तक्रार अजून करायची राहिलीच आहे.

सुलभाताई रिटायर्ड नर्स. सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. त्यामुळे शेल्टरचे नियमही तसेच. जनावर नेलं की पहिला सव्वा महिना ते आमचं. त्या काळात त्याची ताटली, त्याचा कोपरा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. सव्वा महिना सुखरूप गेला की ते तुमचं. दुसरे आमचे रफिकभाई. गाद्यांचं दुकान. उरलेल्या कापसाच्या गाद्या शिवून आणतात आणि मांजरांचं खातं सांभाळतात. कुत्री त्यांच्याकडे नाहीत, पण कोणत्या मांजरीचं कोणाशी पटत नाही हे सगळं तोंडपाठ!

आणि एक मुक्या. तांबूस रंगाचा, मोठा, देखणा कुत्रा. सगळं उत्तम, फक्त भुंकत नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, काही दोष नाही. पण नाही म्हणजे नाही. आता आमच्याकडे लोकांना कुत्रं पाहिजे असतं ते राखणीला. "भुंकत नाई? मंग कशाले न्यायचं?" म्हणून लोक पुढच्या पिंजऱ्याकडे जात. ताईंना रात्रंदिवस एकच घोर, या मुक्याला घर कसं मिळायचं?

*

घर पाहिल्याशिवाय जनावर द्यायचं नाही, हा ताईंचा दुसरा नियम. देऊळघाटच्या एका पाटलांचा फोन आला, कुत्रं पाहिजे म्हणून. रविवारी मी आणि ताई घर पाहायला गेलो. गावात पाटलांची घरं दोन शेजारी-शेजारी होती, आणि आम्ही बरोबर चुकीच्यात शिरलो.

पण आम्हाला काय माहीत! दारातच स्वागत. "या या, तुमचीच वाट पाहून राह्यलो!" सतरंजी अंथरलेली, पोह्यांचा वास सुटलेला. कुत्र्यासाठी एवढं करतात म्हणजे माणसं सज्जन आहेत, असं ताई माझ्या कानात म्हणाल्या. पोहे आले, वर शेव आली, मग इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा आला आणि ताईंच्या पाया पडला.

ताईंनी चौकशी सुरू केली. "घरात कोन कोन?"

"आम्ही दोघं, हा पोट्टा, अन् ह्याची आजी."

"दिवसभर बांधून तर नाई ना ठेवनार?"

मुलाच्या आईला लागलंच ते. "अवं बाई, बांधून काऊन ठेवू? आमच्या घरी तसं काई नाई."

"मारझोड?"

"नाव घेऊ नका! जे आपन खाऊ तेच जेवाले, अन् आमच्यासंगंच."

ताई गहिवरल्या. म्हणाल्या, "मंग माह्याकडून पक्कं. आमचा एकच नियम हाये. सव्वा महिना ठेवून पाहा. नाई पटलं तर फोन करा, आम्ही येऊन वापस घेऊन जाऊ. भांडन नाई, काई नाई."

मुलाच्या वडिलांच्या हातातली बशी तशीच राहिली. मुलगा लाजावं की घाबरावं या विचारात. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि तिच्यातून मुलीकडचे खरे पाहुणे उतरले! एका क्षणात सगळ्यांना सगळं समजलं.

तोच कोपऱ्यातून आजीचा आवाज आला, "सव्वा महिना? आमच्या टायमाले ही रीत काऊन नव्हती वं?"

*

दुसरबीडचे एक ढाबेवाले आले होते. म्हणाले, "असं खतरनाक कुत्रं द्या, का गिऱ्हाइकाशिवाय कोनी आत नाई आलं पाह्यजे." आम्ही वाघ्या दिला. दिसायला खरंच भयंकर, छाती रुंद, एक कान फाटलेला.

पंधरवडा गेला आणि ढाबेवाले परत हजर. ताईंचा चेहरा उतरला. परत करायला आले असणार!

"काय झालं?"

"काय सांगू बाई! कोनीबी येते, हे त्याच्या मांडीवर डोकं ठेवते. ट्रकवाल्याईच्या संगं खाटेवर झोपते. काल एका ड्रायव्हरनं भाजी खारट हाये म्हनून भांडन काढलं, तर हे त्याच्या बाजूनं उभं राह्यलं. पार निकामी निंघालं!"

"बरं. मंग आना त्याले. भांडन नाई, काई नाई."

"आनू? आवं, ट्रकवाले त्याच्यासाठीच थांबून राह्यले! मी दुसरं न्याले आलो. असंच पाह्यजे, निकामी!"

आम्हाला वाटलं ताई मुक्या देतील. पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या गर्दीत, कुठे अडकला तरी आवाज न करणारा कुत्रा द्यायला ताईंचा जीव होईना. त्यांनी दुसराच एक आळशी गडी दिला. मुक्या राहिला.

*

बीबी गावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी गोदामासाठी मांजर नेली. उंदीर फार झाले होते. थोड्याच दिवसांत रफिकभाईंना फोन. "भाई, तुमचं मांजर काई कामाचं नाई. उंदीर समोरून चालले जाते, हे पाहत बसते!"

रफिकभाई कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "शेठ, खाले काय देता तिले?"

"भाई, त्यात कसर नाई! सकाळी दूध-पोळी, दुपारी साय, संध्याकाळी परत दूध. घरची पोट्टी बिस्किटं देते ते वेगळंच."

"शेठ, येवढं सारं तुम्हाले बसल्या जागी भेटलं असतं, तर तुम्ही दुकान उघडलं असतं का?"

मांजर अजून बीबीलाच आहे. उंदीरही आहेत. पण आता शेठ रोज फोटो पाठवतात, गादीवरच्या मांजरीचे.

*

मुक्याला घर मिळालंच नाही असं नाही. दोनदा मिळालं. पहिल्या घरी त्यांच्या अंगणातून नवी सायकल गेली आणि चोर तिच्यावर बसत असताना मुक्या शेपटी हलवत उभा होता. ते शेजाऱ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुक्या परत! दुसऱ्या घरची माणसं प्रेमळ होती, पण आल्यागेल्याने "तुमचं कुत्रं आजारी हाये का?" असं विचारून विचारून त्यांना हैराण केलं. सव्वा महिना भरायला थोडे दिवस राहिले असताना तिथूनही परत.

दोन्ही वेळा तो गाडीतून उतरला, कोणाकडे न पाहता आपल्या कोपऱ्यात गेला आणि आपल्या जुन्या ताटलीसमोर बसला. मला ते पाहवलं नाही. खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी जेवलो नाही. ताई मात्र रडल्या नाहीत, चिडल्या. "आता बस! याले कोनाकडंच द्याचं नाई. येनं-जानं करून करून याचं मन मरून जाईन. तो हितंच राहीन, माह्यापाशी."

पण ताईंचं वय झालेलं, गुडघे दुखतात. रात्री शेडवर कोणी नसतं. तो 'माह्यापाशी' म्हणजे पत्र्याखाली एकटाच, हे त्यांनाही माहीत होतं.

*

तेव्हा मी ठरवलं की आपणच याला शिकवायचं. एका रविवारी मुक्यासमोर उकिडवा बसलो आणि भुंकलो. मुक्याने मान वाकडी केली. मी आणखी जोरात भुंकलो. शेडमधली बाकीची सगळी कुत्री सुरू झाली, माझी बायको मागच्या गच्चीत आली, तिने पाहिलं आणि निमूट आत गेली. मुक्या फक्त ऐकत होता, अगदी मन लावून.

मी चार पायांवर येऊन शेवटचा प्रयत्न करतोय, तोच मागे पावलं वाजली. चिखलीहून एक नवरा-बायको कुत्रं पाहायला आले होते. दोघंही जागीच थांबले. बाईंनी ताईंना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अन् यांचं काय?"

ताई म्हणाल्या, "ते चांगल्या घरचे हायेत. संध्याकायी बायको घेऊन जाते त्याईले."

*

आता जोशी सरांबद्दल सांगितलंच पाहिजे. सर इतिहासाचे शिक्षक होते, रिटायर होऊन बराच काळ झाला. शिकवण्याची नोकरी सुटली, बोलणं सुटलं नाही. सर गल्लीच्या तोंडाशी दिसले की लोक मोटारसायकल वळवून मागच्या रस्त्याने घरी जातात. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला गेलेला माणूस सरांकडून निघाला, तोवर हळद लागून गेली होती असं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

काकू होत्या तोवर ठीक होतं. त्या भाजी निवडत "हं, हं" करत. काकू गेल्या. मुलगा पुण्यात, त्याचा फोन म्हणजे "बाबा, मीटिंग आहे" एवढाच. मग सर जुने पेपर द्यायच्या निमित्ताने शेल्टरवर येऊ लागले. ते आले की रफिकभाईंना दुकानाची आठवण यायची, मला बायकोची हाक ऐकू यायची, आणि ताई औषधांच्या खोलीत शिरून आतून कडी लावायच्या!

बसून राहायचा तो मुक्या. सर शाहिस्तेखानापासून सुरुवात करत आणि मुक्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. अधूनमधून मान वाकडी करी. सरांचं पूर्ण होईपर्यंत उठत नसे.

एके दिवशी सर म्हणाले, "सुलभाबाई, हा विद्यार्थी मले द्या."

ताई ठाम. "नाई सर. दोनदा वापस आला तो. तिसऱ्यांदा मले नाई सहन होनार. अन् तो भुंकत नाई."

"नाई भुंकला तर नाई. माह्या घरी त्याले बोलाले वेळ कुठं भेटनार हाये?"

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. मुक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "घर पाहाले येऊ?" सरांनी स्वतः पोहे केले. कच्चे होते, तरी ताईंनी खाल्ले. त्या घरात काकूंची खुर्ची अजून स्वयंपाकघराच्या दारातच होती. मुक्यालाही आम्ही बरोबर नेलं होतं. तो आत गेला आणि त्या खुर्चीखाली जाऊन बसला. ताई म्हणाल्या, "सव्वा महिना ठेवून पाहा, सर."

आणि मग सरांचा फोन आलाच नाही! गॅस सिलेंडर आलं तरी तीन माणसांना फोन करणारा माणूस, त्याचा एकही फोन नाही. शेल्टरवर येणंही बंद. गल्लीतले लोक सांगायचे, सर दिसले तर नुसते हात करतात आणि लगबगीने घरी जातात. आम्ही फोन केला तर "सगळं ठीक. ठेवतो." ताईंची झोप उडाली. "काईतरी बिनसलं हाये. सर सांगत नाई." त्या रोज मुक्याची ताटली धुवायच्या आणि पुन्हा त्याच्या कोपऱ्यात ठेवायच्या.

सव्वा महिना भरला त्या संध्याकाळी मी, ताई आणि रफिकभाई सरांच्या घरी निघालो. ताईंच्या पिशवीत मुक्याचा जुना पट्टा होता. तो कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

फाटकापाशी पोचलो तर आतून सरांचा आवाज नाही. त्या घरातून सरांचा आवाज येत नाही हे मी तरी पहिल्यांदाच अनुभवत होतो. येत होतं ते कुत्र्याचं भुंकणं. जाड, खर्जातलं, थांबून थांबून. "सरांनी दुसरं कुत्रं आनलं वाटते," रफिकभाई पुटपुटले. ताईंनी माझा दंड घट्ट धरला.

कडी वाजवली. दार उघडलं. सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत काकूंच्या खुर्चीसमोर मुक्या उभा होता, मान वर करून, शेपटी ताठ, आणि खोलीभर भुंकत होता. समोर कोणी नव्हतं. सरांची आरामखुर्ची तेवढी होती. सर परत जाऊन तिच्यात बसले, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे.

ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं, "सर, हा..."

सरांनी मान न वळवता हात वर केला.

"थांबा, मोहनभाऊ. त्याचं बोलनं होऊ द्या."