भिंत भाजली त्याची गोष्ट

भांदकला मी ड्रॉइंग मास्तर होतो. चित्रकलेतलं काही विचारायचं झालं तर गावानं मलाच विचारावं, असं माझं मत होतं. गावाचं तसं काही मत नव्हतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. बाजारात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी आली आणि नक्षीचे माठ मागे पडू लागले. तेव्हा कुंभारपुऱ्यानं ठरवलं, चावडीची भिंत सारवायची आणि प्रत्येक घरानं आपापल्या माठाची नक्षी तिच्यावर काढायची. माठ फुटतो, भिंत राहील.

पुऱ्यातली सगळ्यात म्हातारी बाई मोहाच्या फुलांची वेल काढायची. तशी वेल दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. आता तिचा हात थरथरायचा, घरातला तिचा शेवटचा माठही फुटला होता आणि सुनेला शिकवायचं राहूनच गेलं होतं. "भिंतीवर एकदा काढून देते," ती सुनेला म्हणाली, "मंग तू पाहून पाहून गिरव."

शिंदीची काडी चावून तिनं कुंचला केला आणि काव, पांढरी माती घेऊन अख्खा रविवार ती वेल काढत बसली. मी दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून, डब्यातल्या ऑइल पेंटनं हंस रंगवत होतो. हंस मी जन्मात पाहिला नव्हता. पोरांनी त्याला बगळा ठरवून टाकलं.

संध्याकाळी सगळे भिंतीसमोर बसले. आगीतून न गेलेला रंग कुंभाराला कच्चाच वाटतो. पावसात जाईल, असं जो तो म्हणू लागला. मी नेहमीच्या वात्रटपणानं म्हणालो, "मग भाजून काढा भिंत."

कुणीच हसलं नाही. अशा वेळी माणसानं घाईनं सांगावं, बाबांनो, थट्टा केली. पण माझा सल्ला इतक्या गंभीरपणे आजवर कुणी ऐकला नव्हता. ते सुख सोडवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला गोवऱ्या, भाताची तणस लावून, वर खापऱ्या रचून उभा आवा, म्हणजे माठ भाजायची भट्टीच, घातला. माझा हंस पेंटचा, म्हणून तेवढं टोक सोडलं. नारळ फुटला, आणि कल्पना मास्तरांची म्हणून काडी मलाच ओढायला लावली.

आवा निवल्यावर खापऱ्या उतरवल्या. भिंत काळीठिक्कर. बायका फडक्यानं काजळी पुसायला गेल्या तर पोपडेच हातात आले, फुलांसकट. पुरुष मंडळी तणस कमी पडली की जास्त झाली यावर वाद घालत बसली. मला कुणी काही बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

म्हातारीनं माझ्या हंसाशेजारी उरलेल्या कोपऱ्यात कुंचला टेकवला. एक फूल झालं. दुसरं घसरत खाली गेलं. तिनं कुंचला माझ्यापुढे धरला.

"तुमी काढा, मास्तर. तुमी तं दिवसभर इथीच होते. सून पाह्यते."

मी तो घेतला. फुलं देठाखाली लोंबत होती की वर उठलेली होती, तेवढंही मला आठवेना. सुनेनं वाटीतली काव पुन्हा कालवली आणि माझ्या हाताकडे पाहत थांबली.