रायफलीचा चौथा स्क्रू

त्या शनिवारी दुपारी चाकणजवळच्या निघोज्यातल्या आमच्या घरात एक एअर रायफल आणि तीन तज्ज्ञ होते. पहिला माझा थोरला भाऊ, एका कंपनीच्या टूलरूममध्ये सीनियर. दुसरा आमचा चुलतभाऊ, शेजारच्या कंपनीत मेंटेनन्सला. तिसरा शेजारी, क्वालिटीत. म्हणजे बनवणारा, दुरुस्त करणारा आणि नापास करणारा, तिघेही पहिली शिफ्ट संपवून हजर होते. मी वर्तमानपत्रात काम करतो. मला कोणी हात लावू दिला नाही, त्यामुळे जे घडलं ते नीट पाहता आलं.

रायफल माझ्या पुतणीची. दुसऱ्या दिवशी सकाळी आकुर्डीजवळच्या तिच्या नेमबाजी क्लबात जिल्हा संघाची निवड होती. कॉलेज सांभाळून ती या एका निवडीसाठी सराव करत आली होती, आणि आता छर्रा सुटला की ट्रिगर जागेवर परत येत नव्हता.

ट्रिगरपर्यंत पोचायचं तर लाकडी दस्ता काढावा लागतो. दस्त्याला चार स्क्रू. तीन निघाले. चौथा निघेना.

"क्लबात नेऊ या का? तिथं दुरुस्तीवाले सर असतात," पुतणी म्हणाली.

"घरात टूलरूम असताना बाहेर कशाला?" भाऊ म्हणाला. "आमी मायक्रॉनमधी काम करतो, बाळा."

मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाने मग हातोडी मागवली.

हातोडीने स्क्रूची खाच गोल झाली. गंज सोडवायचा स्प्रे मारला, त्याने दस्त्याचं पॉलिश सुटलं. तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "असं आंधळं ठोकून न्हाई चालत राव. व्हाय-व्हाय करू."

चाकणच्या पट्ट्यात यंत्र बंद पडलं की "असं का झालं?" हे पाच वेळा विचारायची पद्धत आहे. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं असं मानतात. बहुतेक वेळा ते माल पुरवणाऱ्याच्या दारात सापडतं.

"स्क्रू का निघत न्हाई?" चुलतभावाने सुरुवात केली.

"जाम हाय," भाऊ म्हणाला.

"जाम का?"

"गंज."

"गंज का धरला?"

"माल हलका. बनवणाऱ्याची चूक," क्वालिटीवाल्या शेजाऱ्याने निकाल दिला.

तिसऱ्याच प्रश्नाला मूळ कारण मिळाल्याने तिघांनाही समाधान वाटलं. स्क्रू जागेवरच होता.

मग सवयीप्रमाणे शेजाऱ्याने निघालेले तीन स्क्रू तपासायला घेतले. आट्यांमध्ये लाल चिकट थर होता. त्याने नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"गंज नाय भाऊ. याला खोबऱ्याचा वास येतोय."

दसरा नुकताच झाला होता. भावाने पाटावर कोयता, नट-बोल्टचे पाने आणि रायफल मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडून त्याचं पाणी सढळ हाताने शिंपडलं होतं, आणि गंजू नये म्हणून वरून गोडेतेल चोळलं होतं. देवाचं लगेच पुसायचं नसतं, म्हणून ते तसंच ठेवलं होतं.

"तुमी कंपनीत पूजा झाल्यावर मशीन पुसता का रं?" भावाने हळूच विचारलं.

"पुसतो की," चुलतभाऊ म्हणाला. "न्हाईतर साहेब आमचीच पूजा घालंल."

"पप्पा, मी तुम्हाला सांगत होते," पुतणी म्हणाली. "दसऱ्यानंतरच अडकायला लागलंय."

"श्रद्धा हाय ती. श्रद्धेनं काय बिघडत न्हाई."

"मग कशानं बिघडलं?"

हा चौथा प्रश्न.

थर नारळपाण्यातल्या साखरेचा आणि तेलाचा आहे, कोमट पाण्याचा फडका ठेवून बघू, असं ती म्हणाली. पण आता प्रश्न स्क्रूचा राहिला नव्हता, थोरल्या भावाच्या अब्रूचा झाला होता. त्याने ड्रिल मशीन आणलं. ती "थांबा" म्हणेपर्यंत ड्रिलचं टोक स्क्रूच्या आत तुटलं.

"आता दोन काढायचे झाले," चुलतभावाने मोजून सांगितलं आणि चहा घेतला.

रविवारी तिने क्लबाची रायफल घेऊन नेमबाजी केली. ती रायफल कुणा उंच मुलाच्या मापाने लावलेली होती. सरावाच्या छऱ्यांसाठी दिलेला वेळ दस्ता गालाशी बसवण्यात गेला. सुरुवातीचे नेम उजवीकडे गेले, नंतरचे बरे लागले. संघ जाहीर झाला त्यात तिचं नाव नव्हतं. राखीव खेळाडू म्हणून खाली वेगळं होतं.

"राखीव म्हणजे सिलेक्शनच की," भाऊ म्हणाला. तिने पिशवी उचलली.

घरी परतताना गाडी भाऊ चालवत होता, ती पुढे बसली होती, मी मागे. मोशीच्या पुढे ट्रेलर आडवा लागून वाहतूक थांबली होती. बराच वेळ काहीच हलेना, तेव्हा भावाने हॉर्नकडे हात नेला.

"पप्पा, राहू द्या," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्याला तरी हात लावू नका."

सकाळपासून तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. भावाने हात काढून मांडीवर ठेवला.